बसलेल्या पाहुणीची ओटी

खिचडी शिजून केव्हाची तयार होती आणि जेवायला कुणीच नव्हतं. कुसाबाईने टोपावरचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या, बाक भिंतीला सरकवलेले, पिण्याच्या पाण्याची पिंपं भरलेली. एवढ्या सगळ्या सरबराईला आलं होतं कोण, तर एक कुत्रं. तेही वरच्या गावातलं. खालच्या आळीतलं कुत्रंसुद्धा आज घर सोडायला तयार नव्हतं.

उज्ज्वला मॅडम पायऱ्या चढून आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. नदीकाठाच्या कामासाठी सरकारने नेमलेल्या या मॅडमना गाव आता चांगलं ओळखत होतं. ओळखत होतं म्हणजे त्यांना चहा देत होतं आणि त्यांचं काही ऐकत नव्हतं.

"मावशी, पुन्हा जाऊन आले. एक माणूस उठत नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या धरणांतून पाणी सुटलंय, अजून सुटणार आहे. अंधार पडेपर्यंत आळीत छातीएवढं पाणी येईल. मी काय करू, तुम्हीच सांगा."

"पोलीसपाटलाला सांगा की."

"त्यांचंच घर आळीत आहे! सोमनाथभाऊ मलाच म्हणाले, 'मॅडम, तुम्ही निवांत बसा. आमची कुसामावशी ओटी भरंल अन् गंगा माघारी जाईल.'" मॅडमनी ओढणी पिळली आणि तिच्याकडे पाहिलं. "खरंच जाते का हो?"

कुसाबाईने उगाच खिचडीत डाव फिरवला. "आजवर तरी गेलीये," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. पण सबंध खरंही नव्हतं, आणि तेच सकाळपासून तिचा जीव खात होतं.

नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. शहरातले घाट मागे टाकून सायखेड्याकडे निघालेली गंगा या गावाशी एक मोठं वळण घेते, आणि नेमकं जिथे पाणी काठाला धडका देतं तिथे ही खालची आळी. वरून धरणांचा लोंढा आला आणि पुढून बंधाऱ्याचा फुगवटा चढला की मधल्या गावांची गत जात्यातल्या दाण्यासारखी होते. दर पावसाळ्यात काठाचा लचका तुटतो. एका साली नवसाबाईचा उकिरडा गेला, एका साली सोमनाथचा गोठा. आळीची मागणी एकच होती, सिमेंटची उंच भिंत बांधा.

मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. भिंत बांधली तर पाणी समोरच्या मळ्यांत घुसेल आणि भिंतीच्या टोकाशी दुप्पट जोराने काठ खाईल. त्यापेक्षा गंगेला पसरायला जागा द्या. काठ उतरता करू, त्यावर माती धरून ठेवणारा वाळा लावू, करंज लावू. धुण्याच्या आणि दशक्रियेच्या पायऱ्या आहेत तिथे राहू देत, शेताला पाणी ओढणाऱ्या मोटारींना वाट राहू दे. फक्त घरं तेवढी टेकावर, शाळेशेजारच्या गायरानात नेऊ. ग्रामसभेत हे ऐकून सोमनाथ उठून उभा राहिला होता. "म्हंजे आम्ही उठायचं अन् नदीनं बसायचं? नदीच्या नावावर सातबारा हाय का?" सभा हसली, टाळ्या पडल्या, आणि विषय संपला.

आळीचा हा दम भिंतीच्या नाही, कुसाबाईच्या जिवावर होता. पुराचं पाणी पिंपळाच्या पारापर्यंत आलं की आळीतल्या एका सवाष्णीने गंगेची ओटी भरायची अशी तिथली रीत. आधी हा मान कुसाबाईच्या सासूचा, चांगुणाबाईचा होता. सासऱ्यांच्या मागे तो कुसाबाईकडे आला. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या पाण्यात सोडायच्या आणि हात जोडायचे. नारळ डुलत डुलत आळीतून बाहेर पडायचा, धारेला लागायचा आणि मागोमाग पाणी उतरायचं. एकदाही चुकलं नव्हतं. वर्षभर शाळेत पोरांची खिचडी ढवळणाऱ्या बाईपुढे त्या दिवशी सोमनाथसारखा माणूसही वाकून उभा राहायचा.

कुसाबाईला मात्र लग्नानंतरचा पहिला पूर आठवत होता. सासूच्या शेजारी ती कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. बाया घाई करत होत्या, "भरा, चांगुणाबाई, भरा आता." चांगुणाबाई हलत नव्हती. तिची नजर पाराच्या दगडी भिंतीवर. कितीतरी वेळाने पाण्याच्या वर भिंतीवर बोटभर रुंदीचा ओला पट्टा दिसायला लागला. म्हणजे पाणी तेवढं खाली बसलं होतं. तेव्हा कुठे तिने पाऊल पुढे टाकलं. घरी आल्यावर कुसाबाईने भीत भीत विचारलं, तर सासू म्हणाली, "अगं, माहेरवाशीण दारात आली की लगेच तिची ओटी भरतो का आपण? बसंल, खाईल, चार गोष्टी बोलंल. उठून निघाली की मंग ओटी. बसलेल्या पाहुणीची ओटी भरली, तर तिला वाटंल, मला हाकलत्यात."

एवढीच गोष्ट. ओटी हा निरोप होता. पाहुणी निघाली म्हणून ओटी. आळीने तिचं उलटं केलं, ओटी भरली म्हणून पाहुणी निघाली. चांगुणाबाईने कुणाला असं सांगितलं नव्हतं, आणि असं नाही हेही सांगितलं नव्हतं. कुसाबाईनेही नाही. कशाला सांगेल? सबंध आळी आपल्या ताटाकडे डोळे लावून उभी आहे, हे सुख एखाद्या बाईला वर्षात एकदाच मिळत असेल तर ते ती आपल्या हाताने कशाला सांडेल?

पण आजवरचे पूर पारापर्यंत येऊन टेकणारे होते. आजचं पाणी तसलं नव्हतं. सकाळी तिने पाहिलं तेव्हा ते लालभडक होतं, वास मारत होतं आणि आवाज न करता चढत होतं.

तिने खिचडीवर झाकण ठेवलं, डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ घेतली आणि आळीची वाट धरली.

आळीत जत्रेसारखी गडबड होती, पण घर सोडायची नव्हे. माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवत होती. नवसाबाई पिठाचे डबे फळीवर लावत होती. तिचा मुलगा मनमाडला रेल्वेत कामाला, आणि सून निकिता नऊ महिने भरलेली, खाटेवर पोटाला हात लावून बसलेली.

"नवसा, निकिताला घिऊन वर चल," कुसाबाई म्हणाली. "गरम खिचडी हाय."

"आशा पावसात पोटुशी बाई भाईर काढू व्हय?" नवसाबाईने वळूनही पाहिलं नाही. "अन् तू असताना मला कसली भीती? ताट काढलं का?"

एवढ्यात घराच्या मागे धप्प असा आवाज झाला आणि भांडी वाजली. निकिताने खाट घट्ट धरली. "मावशी, पहाटंपासून असाच आवाज येतोय," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतंय."

"काठ पडतोय जरासा. दर साली पडतो," नवसाबाई म्हणाली.

कुसाबाईने मागचं दार उघडून पाहिलं. काल अंगण होतं तिथे आज नुसती हवा होती. शेवग्याचं झाड मुळं वर करून पाण्यात लोंबत होतं.

"नवसा, ऐक माझं. या बारीला ओटीनं काय व्हईल असं मला वाटत नाय."

नवसाबाई मोठ्याने हसली. "दर बारीला आसंच म्हणती अन् गंगा फिरवून दाखवती. जा, लुगडं बदल." तिने डबा वर सारला. निकिता कुसाबाईकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विश्वास होता. तो विश्वास कुसाबाईला धप्प आवाजापेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

घरी कोंडाजी दारात स्टुलावर बसून पाण्याकडे बघत होता. कुसाबाईच्या या नवऱ्याचं सगळं आयुष्य लोकांच्या मोटारी पुराआधी नदीतून ओढून काढण्यात गेलं होतं. त्याच कामाने त्याचे गुडघे खाल्ले होते. पाण्याची भाषा त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"गठुडं बांधलंय," तो म्हणाला. "चल वर. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

कुसाबाईने देवळीतून पितळी ताट काढलं. खण काढला. नारळाला हळद लावायला लागली.

"आत्ताच?" कोंडाजी म्हणाला. "अगं, चढतंय अजून. पाणी आळीत शिरायला लागलंय."

"म्हणून तर."

कोंडाजी हळूच म्हणाला, "चढत्या पाण्यात नारळ माघारी यील."

"यिऊ द्या."

"कुसे, हे हात दाखवून अवलक्षण हाय. उद्या ही माणसं तुला दारात उभी करणार नाईत. त्यापरीस मी जातो अन् समद्यांला सांगतो, आईनं तुला काय सांगितलं होतं ते."

"नाय." तिचा आवाज चढला. "कुणी ऐकायचं नाय, अन् ऐकलं तर आईंनी गावाला फसवलं म्हणतील. त्यांनी कुणाला फसवलं नाय. त्यांचं नाव मधी यायला नको. जे काय व्हायचं ते माझ्या हाताचं व्हऊ द्या." बोलता बोलता तिला रडू फुटलं. पदराने तोंड पुसून तिने कपाळावरचं कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं आणि ताट उचललं.

ती पाराशी येताच आळी गोळा झाली. पाणी पाराच्या दुसऱ्या थराला लागलं होतं. सोमनाथ छत्री धरायला पुढे आला. "मावशी, आज लवकर?" त्याने विचारलं.

"आज लवकर," ती म्हणाली.

ती मांडीएवढ्या पाण्यात उतरली. पायाखालची माती सरकत होती. तिने हळदीकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, बांगड्या सोडल्या. नजर मात्र सवयीने पाराच्या भिंतीकडे गेली. ओला पट्टा नव्हता. पाणी दगड गिळत वर येत होतं. मनात ती म्हणाली, माये, तू आत्ताच आलीस आणि मी तुझी ओटी भरते आहे, राग मानू नको. खण आणि नारळ तिने पाण्यात सोडला.

नारळ एक गिरकी घेऊन जागीच थांबला. मग हळूहळू फिरला आणि आळीकडे निघाला. कुसाबाईच्या मांडीला घासून तो तिच्या मागे गेला, माणसांच्या पायांमधून, सोमनाथच्या दारावरून, पाण्याबरोबर थेट आत. कुणी बोलेना. नारळ नवसाबाईच्या उंबऱ्याला जाऊन लागला. टक. मागे सरला आणि पुन्हा, टक.

"गंगेनं ओटी नाकारली!" कुणीतरी ओरडलं.

मग जी धावपळ उडाली ती उडाली. दिवसभर मॅडमच्या घशाने आणि भोंग्याने झालं नव्हतं ते त्या दोन आवाजांनी झालं. सगळ्यांत आधी पळाला तो सोमनाथ, छत्री तिथेच टाकून. माणसं माळ्यावरची पोती तशीच सोडून, म्हातारी माणसं पाठुंगळी घेऊन, शेरडं ओढत टेकाकडे चढायला लागली. निकिताला चौघांनी खाटेसकट उचललं. खाटेमागे धावणारी नवसाबाई पाण्यात उभ्या असलेल्या कुसाबाईपाशी क्षणभर थांबली.

"काय पाप केलं गं तू?" ती म्हणाली, आणि उत्तराला थांबली नाही.

उजाडलं तेव्हा आळीची खालची रांग जागेवर नव्हती. पिंपळ उभा होता, पार गेला होता. नवसाबाईच्या घराची पुढची भिंत तेवढी शिल्लक होती, दारासकट, आणि दारामागे गंगा. माणूस एकही गेलं नाही. निकिताला वेळेत गाडी मिळाली, नाशिकला पोचून तिला मुलगी झाली. शाळेत खिचडीचा टोप पुन्हा पुन्हा चढला आणि सगळ्या आळीने कुसाबाईच्या हातचं खाल्लं. वाढताना कुणी तिच्याकडे वर पाहत नव्हतं एवढंच.

पुढे पुढे तर खिचडीपुरतीच ती उरली. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. नवी नवरी गावात आली की तिची ओटी भरायला दुसरी कुणी. कुसाचा हात उतरला, असं बाया म्हणायच्या, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. निकिताच्या मुलीचं बारसं शाळेशेजारी आळीसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच झालं. कुसाबाई स्वयंपाकाच्या खोलीत तांदूळ निवडत होती. पाळण्याची गाणी भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येत होती. तिने खडे बाजूला काढता काढता तांदूळच बाजूला काढले, आणि मग सगळं पुन्हा एकत्र करून पहिल्यापासून निवडायला घेतलं.

"अजून सांगतो म्हणलं तर सांगतो," कोंडाजी एकदा म्हणाला.

"मुलगी चांगली गुटगुटीत हाय म्हणं," ती म्हणाली.

आळी टेकावर आली. हौसेने आली असं नाही, खाली जागाच उरली नव्हती म्हणून आली. घरांची जोती उभी राहिली, पत्रे चढले. कुरकूर भरपूर होती. उन्हाळ्यात पत्रे तापतात, नळाला पाणी एक दिवसाआड येतं, धुणं घेऊन एवढं खाली उतरायचं म्हणजे कंबरडं मोडतं. मॅडम दर आठवड्याला येऊन शिव्या खात होत्या आणि एकेक गोष्ट मार्गी लावत होत्या. पायऱ्या त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे ठेवल्या, वर त्यांना कठडाही केला. तुटलेला कडा मशीनने छाटून लांबवर उतरता केला, त्यावर आळीतल्याच बायांनी रोजाने वाळ्याची रोपं लावली. भिंत झाली नाही म्हणून सोमनाथ अजून रुसलेला होता. पण रोपं किती जगली हे बघायला रोज सकाळी तोच जायचा.

पुढच्या श्रावणात गंगेला पुन्हा पाणी आलं.

या वेळी कुणी पोती माळ्यावर चढवली नाहीत. माणसं टेकाच्या कडेला छत्र्या घेऊन उभी राहिली. खाली गंगा उतरत्या काठावर पसरत होती, धडका न देता, अंगणात सारवण पसरावं तशी. वाळ्याच्या जुड्या पाण्यात माना हलवत होत्या. बायांनी निकिताला पुढे केलं, ती लेकुरवाळी म्हणून. मुलीला सासूच्या कडेवर देऊन ती ताट घेऊन उतारावर गेली. कुसाबाई सगळ्यांच्या मागे, शाळेच्या कुंपणापाशी उभी होती. पाणी चढतंय हे तिला तिथूनही दिसत होतं. थांब, असं तिच्या ओठांवर आलं. पण तिला विचारलं कुणी होतं?

निकिताने ओटी भरली. नारळ सोडला. तो फिरला आणि काठाकडे निघाला.

गर्दीतून वाट काढत कुसाबाई कधी पुढे आली तिचं तिलाच कळलं नाही. नारळ उतारावर चढत चढत आला आणि वाळ्याच्या जुडीत अडकून डुलत राहिला. गेल्या वर्षीचीच शांतता पसरली. आता हिचाही हात उतरणार, या कोवळ्या पोरीचा, असं कुसाबाईला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

निकिता मात्र खुदकन हसली. "आत्ता गं बाई! गंगा म्हणती, मी बसते अजून!"

"बसू दे की," नवसाबाई वरून म्हणाली. कडेवरची नात तिने सावरली. "जागा लय हाय आता."

बाया हसल्या. कुणीतरी चहाचं विचारलं. एकही माणूस पळालं नाही.

कुसाबाई तिथेच उभी राहिली. नवसाबाई उताराच्या वरच्या अंगाला तिच्यापासून हातभर अंतरावर होती. वर्षभरात दोघी एवढ्या जवळ आल्या नव्हत्या. नवसाबाई बराच वेळ खाली पाण्याकडे, जिथे आपलं घर होतं तिकडे बघत राहिली. मग कुसाबाईकडे न पाहता तिने पदराच्या टोकाला बांधलेली हळदीकुंकवाची पुडी सोडली आणि तिच्यापुढे धरली.

"कुसा," ती म्हणाली, "नारळ तुझ्या पायाशी आलाय बघ."

कुसाबाईने पुडी घेतली. ती पाण्यात उतरली. पायाखालची माती सरकली नाही, वाळ्याच्या मुळांनी ती धरून ठेवली होती. वाकून तिने नारळ उचलला, कपाळाला लावला, पाण्यावर हळदीकुंकू वाहिलं. आजवर तिने गंगेची ओटी भरली होती ती कायम डोळे उघडे ठेवून. आज तिने ते मिटले आणि नारळ सोडला.

पाणी चढतंय की उतरतंय, हे तिने पाहिलं नाही.